लहान पेट्रोल इंजिनाची ठिणगी

लहान पेट्रोल इंजिन रुसले की बहुतेक मालक दोनच गोष्टी करतात. आधी दंड भरून येईपर्यंत दोरी ओढतात, आणि मग ते उचलून मिस्त्रीच्या दुकानात नेऊन टाकतात. मिस्त्री कॉइल बदलतो. इंजिन सुरू झाले तर दोष कॉइलचाच होता असे ठरते. न झाले तर कार्बुरेटरवर पाळी येते. यात पैसा जातो हे खरेच, पण त्याहून मोलाचा वेळ जातो. कोकणात आंब्यावर मोहर आला आहे, तुडतुडे पडले आहेत, आणि फवारणीचा पंप मुका झाला आहे, अशा वेळी चार दिवसांचा खोळंबा म्हणजे बागाईतदाराच्या वर्षाच्या मिळकतीवर घाला. हा दोष ज्याचा त्याला घरी शोधता येतो, असे आमचे मत आहे. प्लगचा पाना, एक फडके आणि थोडा धीर, एवढ्यावर निम्मे काम होते.

ठिणगी येते कुठून ते आधी पाहू. या इंजिनांना बहुधा बॅटरी नसते. फिरत्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, एक लोहचुंबक बसवलेला असतो आणि तो प्रत्येक फेऱ्यात कॉइलजवळून जातो. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेत प्रवाह वाहू लागतो. तो ऐन क्षणी एकदम तोडला की बारीक तारेत दहा हजार व्होल्टांहूनही अधिक दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारते. फॅराडेने 1831 साली दाखवलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात होनोल्ड याने 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि आजचे यंत्र त्याच वंशातले. प्रवाह तोडण्याचे काम पूर्वी पॉइंट करीत. आता बहुतेक इंजिनांत ते कॉइलमध्येच बंद केलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण करते.

आता परीक्षा. प्रथम प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. ते कोरडे असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ठिणगीचा नाद सोडून नळी आणि कार्बुरेटर पाहावा. (स्कूटर कुशीवर कलंडवून मग किक मारण्याचा विधी जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याचा संबंध होता तो पेट्रोलशी, ठिणगीशी नव्हे.) प्लग पेट्रोलने ओला असेल तर मात्र संशय ठिणगीवर. कोरडी काळी काजळी असेल तर चोक ओढलेला राहिला आहे किंवा हवेची जाळी तुंबली आहे. तेलपाण्याच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनात कधी कधी काजळीचा एक केसाएवढा पूल दोन टोकांमध्ये तयार होतो आणि तेवढ्याने ठिणगी मरते. निरोगी प्लग फिकट तपकिरी दिसतो.

मग प्लग टोपीत बसवून त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावेत आणि दोरी ओढावी. मात्र आधी पेट्रोलची तोटी बंद करावी, सांडलेले पुसावे, वाफ जाऊ द्यावी आणि प्लग सिलिंडरच्या भोकापासून दूर धरावा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि हातात आपण ठिणगी घेऊन उभे असतो, हे विसरू नये. निळी, तडतडणारी ठिणगी चांगली. बारीक नारिंगी ठिणगी दुबळी. येथे एक फसगत आहे. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरातल्या दाबाखाली पडेलच असे नाही, कारण दाबलेल्या वायूतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून ठिणगी दिसली तरी एकदा नवा प्लग लावून पाहावा. सगळ्यांत स्वस्त भाग तोच.

ठिणगी मुळीच नसेल, तर कॉइलला दोष देण्यापूर्वी इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार कॉइलपासून सोडवावी. हे बटण कॉइलचा प्रवाह इंजिनाच्या अंगात सोडून देते, एवढेच त्याचे काम. तार कुठे सोलून धातूला लागली असेल तर इंजिन सदाचेच बंद राहते. कित्येक जनित्रांत तेल कमी झाले की हेच काम करणारी कळ असते. तेथे अर्ध्या लिटर तेलाच्या उणिवेपायी कॉइल बदललेली आम्ही पाहिली आहे. तार सोडवल्यावर ठिणगी आली तर कॉइल निर्दोष. ही चाचणी संपली की तार पुन्हा जोडावी, नाहीतर इंजिन बंद करता येणार नाही.

जुन्या इंजिनात पॉइंट पाहावेत. त्यांवर तेलाचा ओशटपणा किंवा पावसाळी दमटपणाचा थर बसतो. कोरा जाड कागद त्यांच्या मधून ओढला तर पुष्कळदा काम भागते. ते वरचेवर जळत असतील तर कन्डेन्सर बदलावा. कॉइलचे पाय आणि फ्लायव्हील यांतली फट सामान्यतः पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. त्यावरचा गंजही खरवडावा.

अर्धा तास चालून बंद पडणारे आणि निवल्यावर सुरू होणारे इंजिन सर्वांत त्रासदायक. कॉइल तापल्यावर आतली तार तुटते, असे निदान लगेच होते. पण टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले तरी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. म्हणून बंद पडताक्षणी, इंजिन गरम असतानाच, ठिणगी पाहावी. ती असेल तर झाकण सैल करून दोरी ओढावी.

राहता राहिली वेळ. ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या किंचित अगोदर पडावी लागते. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते दगडावर आदळले की फ्लायव्हीलची मऊ धातूची छोटी चावी कातरली जाते, चाक सरकते आणि ठिणगी अवेळी पडू लागते. दोरी हाताला उलटा हिसका देते, ही त्याची खूण. अशा वेळी नवी तशीच मऊ चावी बसवावी. पोलादाचा तुकडा ठोकून बसवला तर पुढचा दणका क्रँकशाफ्टला बसतो.