उंटकटारा ओळखताना

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या बांधांवर, मुरमाड माळांवर आणि पडीत जमिनीवर एक काटेरी झाड फुलायला लागते. उंची फार तर कमरेएवढी, खोड पांढुरके, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला लिंबाएवढा काटेरी चेंडू. मराठीत त्याला उटकटारी किंवा काटेचेंडू म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरांत तोच ऊंटकटारा. उंट हे काटे आवडीने खातो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव एकिनॉप्स एकिनॅटस. झाड आपल्याच मातीतले आहे, बाहेरून आलेले नाही.

युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत त्याचे मूळ वापरतात, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसे हे नाव घेतात. पण नाव माहीत असणे वेगळे आणि झाड ओळखणे वेगळे. शाळेतल्या मुलांना ‘ऊंटकटारा आणून दाखवा’ असे सांगितले, तर निम्मी मुले पिवळ्या फुलांचे दुसरेच काटेरी झाड आणतात. ते असते पिवळा धोत्रा, म्हणजेच बिलायत, हिंदी-उर्दूत सत्यानाशी. मुलांनी ओळखण्यात गल्लत केली तर पाटीवर खूण करून सांगता येते. घरात औषध म्हणून असे झाड आले तर मात्र प्रश्न गंभीर होतो, कारण पिवळा धोत्रा विषारी आहे.

गोंधळ वाढवायला आणखी एक नाव आहे, ब्रह्मदंडी. अत्ताराकडे किंवा काष्ठौषधीच्या दुकानात ब्रह्मदंडी मागितली तर काय मिळेल, हे दुकानावर आणि मुलखावर अवलंबून असते. कुठे ट्रायकोलेपिस नावाच्या झाडाला ब्रह्मदंडी म्हणतात, कुठे उंटकटाऱ्याला, आणि कुठे चक्क पिवळ्या धोत्र्याला. एका नावाखाली तीन झाडे, आणि त्यातले एक विषारी!

हा पेच जुना आहे. अंदलुसमधल्या मलागाचे वनस्पतीतज्ज्ञ इब्न अल-बैतार (मृत्यू १२४८, दमास्कस) यांनी औषधी द्रव्यांचा जो प्रचंड कोश लिहिला, त्यात एकेका वनस्पतीची वेगवेगळ्या भाषांतली नावे नोंदवली. नाव चुकले की नुस्खा चुकतो, हे त्या काळच्या हकिमांना पक्के ठाऊक होते. ते स्वतः रानात फिरून झाडे पाहत. आपणही तेवढे तरी करावे.

तर मग पाहायचे काय? आधी फूल पाहा. उंटकटाऱ्याचा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. झेंडू आणि सूर्यफूल ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड. शेकडो बारीक पांढरी फुले एका गोळ्यावर चारी बाजूंनी रचलेली असतात आणि त्यांच्या मधून लांब, ताठ काटे बाहेर येतात. असा पूर्ण गोल चेंडू आपल्याकडच्या दुसऱ्या काटेरी झाडाला येत नाही. मग पान उलटून पाहा, जरा सांभाळून. वरची बाजू हिरवी, खालची बाजू कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी. खोडावरही तीच लव.

पिवळ्या धोत्र्याचे पान निळसर हिरवे असते आणि शिरांच्या कडेने पांढरे पट्टे दिसतात. पानाखाली कापूस नसतो. फूल पिवळे, चार ते सहा पातळ, चुरगळल्यासारख्या पाकळ्यांचे. हे झाड खसखशीच्या कुळातले, मूळचे मेक्सिकोचे. फूल नसेल तेव्हा सर्वांत खात्रीची खूण म्हणजे चीक. काठीने देठ मोडा. हळदीसारखा पिवळा चीक आला तर ते झाड तिथेच सोडा. उंटकटारा मोडला तर असा चीक निघत नाही.

या चिकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. धोत्र्याच्या काटेरी बोंडांत काळे, मोहरीसारखे दाणे असतात. ते मोहरीत मिसळले गेले आणि तेल गाळले गेले, तर तेलात सँग्विनरीन नावाचे विष उतरते. पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, डोळ्यांतला दाब वाढतो. १९९८ मध्ये दिल्लीत असे भेसळीचे मोहरीचे तेल खाऊन हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. आपल्या भागात मोहरीचे तेल कमी खातात, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. हेच दाणे किंवा हेच मूळ ‘ब्रह्मदंडी’ म्हणून चूर्णाच्या पुडीत आले तर डोळ्यांनी ओळखता येणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की काटेरी झाडाचे औषध चूर्ण करून विकत आणूच नये. हकिमांनी लिहून दिले असेल तर अख्खे मूळ घ्यावे, त्यांनाच दाखवावे आणि मग कुटावे. बाळंतपण सोपे व्हावे म्हणून उंटकटाऱ्याचे मूळ वापरण्याची रीत बऱ्याच भागांत आहे. गरोदर बाईला कुणाच्या सांगण्यावरून ते पोटात देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावे.

ट्रायकोलेपिस, म्हणजे बहुतेक पुस्तकांतली ब्रह्मदंडी, ओळखणे सोपे आहे. फूल गुलाबी-जांभळे, त्याखाली केसांसारखी बारीक टोके, पानांना बोचणारे काटे जवळजवळ नाहीतच. करडई तर आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. केशरी-पिवळे फूल आणि शेतात ओळीने उभे पीक. पण शहरात वाढलेली मुले तिलाही उंटकटारा म्हणतात. ओढ्याकाठच्या दलदलीत निळ्या-जांभळ्या फुलांचे, पेराशी काटे असलेले झाड दिसले तर तो कोळसुंदा, ज्याचे बी तालिमखाना म्हणून मिळते.

मुलांना दाखवायचे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा चांगला काळ. अंबड, भोकरदन, मंठा, कुठल्याही बाजूला गाडी थांबवून बांधाकडे पाहिले की उंटकटारा सापडतो. पायात बूट आणि हातात काठी असू द्या. उन्हे तापू लागली की चेंडू वाळतो, हात लावताच सुटा होतो आणि एकेक बी आपल्या काट्यांसह वेगळे पडते.