आपल्या मासळीचा हिशेब अबुधाबीत

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मासळीच्या प्रश्नावर दोन मोठ्या बैठका एकीला लागून एक झाल्या. २६ फेब्रुवारीला अबुधाबीत जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिपरिषद सुरू झाली. ती २९ ला संपायची होती, पण एकमत होईना म्हणून लांबली आणि १ मार्चची मध्यरात्र उलटल्यावर आटोपली. लगेच ३ मार्चला अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात नववी जागतिक मत्स्य परिषद भरली. सिअॅटलला जमले ते शास्त्रज्ञ, प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी. अबुधाबीत होते मंत्री, व्यापार खात्याचे अधिकारी आणि कायद्याचे जाणकार. सातपाटी, हर्णे किंवा मालवणच्या होडीवर थेट परिणाम करणारी बैठक यांतली कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर अबुधाबी असं आहे.

आपल्याकडे परदेशी परिषद म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गोषवारा, पोस्टर, पंधरा मिनिटांचं सादरीकरण आणि शेवटच्या दिवशीचा समूहफोटो. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे, रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून माणसं परिषदांना जातात, जायलाच हवीत. पण मासेमारीचे नियम ज्या टेबलावर ठरतात तिथे वैज्ञानिक शोधनिबंधाइतकंच वजन एका कोरड्या तक्त्याला असतं. त्या तक्त्यात आपली ओळ नीट भरलेली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

त्या टेबलाकडे वळण्याआधी तिथे पोचण्याबद्दल थोडं. अबुधाबीच्या मोठ्या परिषदा बहुधा मुख्य बेटावरच्या 'ॲडनेक' प्रदर्शन केंद्रात होतात. मंत्रिपरिषद तिथेच झाली आणि ऑक्टोबर २०२५ मधली निसर्गसंवर्धनाची जागतिक परिषदही तिथलीच. मोठ्या परिषदेच्या आठवड्यात आसपासच्या हॉटेलांचे दर कडाडतात. मग ज्याचा खर्च संस्था पूर्ण उचलत नाही, असा प्रतिनिधी मोहम्मद बिन झायद सिटीकडे वळतो. सध्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं हे उपनगर मुख्य भूमीवर, मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एकीकडे बंगल्यांचे प्रशस्त विभाग, दुसरीकडे शाबियाच्या दाटीवाटीच्या इमारती. शाबियात भारतीय कुटुंबं आणि नोकरदार तरुण मोठ्या संख्येने राहतात. केरळी खानावळी पावलोपावली, आणि आपली मराठी घरंही आहेत. ओळखीच्या घरी उतरलं तर जेवणाचा प्रश्न मिटतो. पूल ओलांडून बेटावर जायला गाडीने अर्धा-पाऊण तास धरावा. बसचंही जाळं आहे, त्यासाठी 'हाफिलात' कार्ड घ्यावं लागतं. मुंबईहून विमान तीन-सव्वातीन तासांत पोचतं आणि घड्याळ दीड तास मागे करायचं, एवढाच काय तो प्रवासाचा शीण.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. कोडीनसारखा घटक असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधं तिकडे नियंत्रित यादीत आहेत, ती पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. दुसरी गोष्ट संशोधकांसाठी. फॉर्मालिनमधला माशाचा नमुना सहज पिशवीत टाकून विमानात बसता येत नाही. जैविक नमुने देशाबाहेर न्यायला जैवविविधता कायद्याखालची परवानगी लागते. उमेदवारीच्या वर्षांत हे कुणी आवर्जून सांगत नाही.

आता त्या टेबलाकडे येऊ.

मासेमारीच्या सरकारी अनुदानांवर बंधनं घालायची, ही चर्चा जागतिक व्यापार संघटनेत २००१ मध्ये दोह्याला सुरू झाली. युक्तिवाद असा की सरकारं स्वस्त इंधन देतात, नव्या बोटींना पैसे देतात, त्यामुळे समुद्र सोसणार नाही इतक्या बोटी दर्यात उतरतात. २०१८ च्या एका जागतिक अंदाजानुसार अशी अनुदानं वर्षाला सुमारे ३५ अब्ज डॉलरची होती आणि त्यांतली २२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मासेमारीची क्षमता वाढवणारी होती. युक्तिवादात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातले ३७.७ टक्के सागरी मत्स्यसाठे मर्यादेपलीकडे उपसलेले आहेत.

पहिला करार १७ जून २०२२ रोजी जिनिव्हाला झाला. बेकायदा मासेमारीला, आधीच खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला आणि कुणाचंच नियंत्रण नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला अनुदान नको, एवढाच त्याचा गाभा. दोन तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिल्यावर १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो लागू झाला. अबुधाबीत ठरायचा होता तो दुसरा, जास्त कठीण भाग: क्षमता वाढवणारी अनुदानंच रोखण्याचा. मसुद्यातली यादी वाचली की कोणत्याही बंदरावरच्या माणसाला ती आपलीच वाटेल. बोट बांधणं आणि सुधारणं, यंत्रं आणि साधनं, इंधन, बर्फ, आमिष, खलाशांचा खर्च, विमा, उत्पन्नाला आधार, भावाला आधार. म्हणजे आपल्या सहकारी संस्थांचे सभासद ज्या डिझेल परताव्याची वाट पाहत असतात, त्याच्यासारख्या मदतीची चर्चा त्या यादीभोवतीच फिरते. बंदीच्या काळात पोटापुरतं दिलेलं साहाय्य मात्र मसुद्यात एका तळटिपेने वगळलेलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै जाळी कोरडी ठेवणाऱ्या घराचं भवितव्य तळटिपेत असतं. म्हणून तळटिपा वाचणारा माणूस आपल्या बाजूला हवा.

भारताची भूमिका अशी होती: विकसनशील देशांना २५ वर्षांचा अवधी द्या, २०० सागरी मैलांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात छोट्या मच्छीमारांना आधार देण्याचा हक्क राखा, आणि दूर समुद्रात जाणाऱ्या श्रीमंत देशांच्या ताफ्यांची अनुदानं त्याच २५ वर्षांत बंद ठेवा. भारताने मांडलेल्या आकड्यांनुसार आपल्याकडे मच्छीमार कुटुंबामागे वर्षाला सुमारे ३५ डॉलर जातात, तर युरोपातल्या काही देशांत हा आकडा ७५ हजार डॉलरच्या पलीकडे आहे. पॅसिफिकमधल्या बेटराष्ट्रांचं दुखणं निराळं. त्यांचा समुद्र दुसऱ्यांचे ताफे उपसतात, त्यांना कडक नियम लवकर हवे होते. शेवटी एकमत झालं नाही आणि दुसरा भाग अडकला. पहिल्या करारातच एक कलम आहे: लागू झाल्यापासून चार वर्षांत सर्वंकष नियम ठरले नाहीत आणि सदस्यांनी वेगळा निर्णय घेतला नाही, तर करार रद्द ठरतो. म्हणजे २०२९ च्या सप्टेंबरपर्यंत हा विषय पुन्हा पुन्हा टेबलावर येत राहणार.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच कलम. मसुद्यानुसार एखादा देश अनुदान चालू ठेवू शकतो, जर त्याने आपला साठा शाश्वत पातळीवर राखणारी व्यवस्था असल्याचं दाखवून दिलं तर. दाखवायचं कशाने? बोटींची नोंद, जाळ्यांची नोंद, उतरलेल्या मासळीची नोंद, साठ्याचं मूल्यमापन. ज्यांची कार्यालयं सुसज्ज, त्यांना हे सहज जमतं. डोलीच्या जाळ्यात रोज पहाटे काय आलं याची कुठे लेखी ओळ नसेल, तर तो कोळी कितीही कमी ओरबाडत असला तरी कागदावर त्याची बाजू लंगडी राहते. भारताचा आक्षेप याच असमानतेवर होता आणि तो रास्त आहे. पण आक्षेप रास्त असला म्हणजे नोंदी आपोआप तयार होत नाहीत.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी बंदरोबंदरी नमुना पद्धतीने मोजणी करतात. त्यातूनच २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतल्या नीचांकावर आल्याचं कळलं. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी हंगामाचे ऐन दिवस खाल्ले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. असा नियम परदेशी टेबलावर फार मोठा पुरावा ठरू शकतो. पण लिलावात लहान पापलेटच्या टोपल्या येतच राहिल्या, तर तो पुरावा पहिल्याच उलटतपासणीत गळून पडेल.

अबुधाबीला गेलेल्याने परिषदेच्या इमारतीबाहेर पडून तिथला समुद्र पाहावाच. हे आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस-चाळीस मीटर. उन्हाळ्यात पाण्याचा पृष्ठभाग पस्तीस अंशांवर तापतो आणि क्षारताही आपल्या समुद्रापेक्षा जास्त. तेल सापडण्याआधी मोती आणि मासळी हीच इथली रोजी होती. खडकाळ तळाजवळ राहणारा हामूर हा इथल्या लोकांचा जीव की प्राण. तो आणि शेरी, फर्श हे मासे दशकानुदशकं उपसले गेले. मुख्य साधन होतं 'गरगूर': तारेच्या जाळीचा घुमटासारखा सापळा, आत जाणाऱ्या निमुळत्या तोंडाचा. मासा आत शिरतो, बाहेर येऊ शकत नाही. दोर तुटून असा सापळा तळाशी राहिला, तर तो मालकाविना मासे मारत राहतो. २०१९ मध्ये अबुधाबीने गरगूर बंद केला. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या मोजमापानुसार शाश्वत पातळीवरच्या साठ्यांतून येणाऱ्या मासळीचं प्रमाण २०१८ मध्ये ८.९ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६२.३ टक्क्यांवर आणि २०२४ मध्ये ९७.४ टक्क्यांवर गेलं. जानेवारी २०२३ मध्ये 'जयवून' हे ५० मीटरचं संशोधन जहाजही त्यांनी पाण्यात उतरवलं.

हे आकडे मी डोळे झाकून आपल्याला लावणार नाही. तिथे मासेमारीवर पोट असणारी नागरिक कुटुंबं थोडी, सरकारजवळ पैसा भरपूर, आणि बोटीवर राबणारे हात बहुतांशी भारत-बांगलादेशातून आलेले. बंदीचा खरा भार कोणी सोसला हे त्या खलाशांना विचारायला हवं, आणि असा प्रश्न परिषदेत क्वचितच येतो. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी आधी मोजलं, मग बंदी घातली, आणि बंदीनंतर पुन्हा मोजलं.

शाबियातल्या मासळीच्या काउंटरवर उभं राहिलं की बर्फावर सुरमई दिसते. तिकडे तिला 'कनअद' म्हणतात. पाटीवर बहुधा ओमान लिहिलेलं असतं. अमिरातीत १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिच्या मासेमारीला बंदी असते. आपली नारळीपौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला आणि कोकणातल्या बोटी निघाल्या, त्याच सुमारास तिकडे सुरमईला विसावा असतो. सुरमई किनारे धरून लांबवर फिरणारी जात आहे, तिला सीमा ठाऊक नाहीत. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांनी तिच्या वाढीचा, अंडी घालण्याच्या काळाचा हिशेब एकमेकांना द्यावा, हा विषय कुणा मराठी संशोधकाने अबुधाबीच्या परिषदेत मांडला तर तो हवेतला ठरणार नाही.

आणि मच्छीमार स्वतः? त्यांची परदेशवारी नवी नाही. जुलै १९८४ मध्ये रोमला अन्न आणि कृषी संघटनेची मत्स्यव्यवसाय परिषद भरली होती. तिथे मच्छीमारांना जागा नव्हती म्हणून त्याच शहरात ३४ देशांतल्या शंभरेक मच्छीमारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली वेगळी परिषद घेतली. २१ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत मच्छीमारांची जागतिक संघटना स्थापन झाली. तोच दिवस आज जागतिक मत्स्यव्यवसाय दिन म्हणून पाळला जातो. जून २०२२ मध्ये जिनिव्हाला भारतीय मच्छीमार फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. अबुधाबीत तेवढीही मोकळीक नव्हती. निदर्शनं, फलक, पत्रकं यांवर बंधनं होती आणि अनेक जनसंघटनांनी त्याबद्दल उघड तक्रार केली. बाहेरून घोषणा देण्याची वाट बंद होते, तेव्हा आत बसणाऱ्याजवळ काय कागद आहेत यालाच मोल येतं.

तेराव्या परिषदेनंतरची मंत्रिपरिषद मार्च २०२६ साठी कॅमेरूनमधल्या याउंडेला ठरली. माझी विनंती किनाऱ्यावरच्या सहकारी संस्थांना, कृती समित्यांना आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या मंडळांना आहे. संस्थेत एक वही ठेवा. तारीख, बोट, जाळं, जात, वजन, लहान मासळी किती, डिझेल किती जळलं, एवढे रकाने पुरेत. वर्षाअखेर तिची एक प्रत मत्स्य महाविद्यालयाला द्या आणि एक दिल्लीला जाणाऱ्या निवेदनाला जोडा. आणि पुढच्या वेळी प्रतिनिधी मंडळ निघेल तेव्हा त्यात एक तांडेल आणि एक मासळीवाली असावी, असा ठराव आताच करा.