बुधवार, सकाळचे सात

"ताई, भांडण कशावरून झालं ते नंतर सांगा. अमेरिकेहून येतानाचं तिकीट परतीचं होतं का?"

नाशिकला सीबीएसजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर वकील मॅडमचं ऑफिस आहे. कौटुंबिक न्यायालयातली सुनावणी बंद दाराआड चालू शकते, म्हणून मी बसले होते ती इथे, मुलीच्या आईची आणि आजोबांची परवानगी घेऊन. आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. तिकीट परतीचंच होतं. मॅडमनी काही न बोलता त्यावर पेन्सिलीनं खूण केली. परतीचं तिकीट म्हणजे समोरचा वकील म्हणणार, मुलगी सुट्टीला म्हणून आणली आणि ठेवून घेतली. मूल सर्वसाधारणपणे राहतं कुठे, यावर कोर्टाची हद्द ठरते. 1890च्या पालक-पाल्य कायद्यातली ही अट आजही पहिल्याच तारखेला आडवी येते.

मग व्हिसा. आईचा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बीवर टेकलेला. घटस्फोट झाला की त्याचा आधारच जातो. मुलगी तिथे जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. तिथल्या कोर्टानं मुलीला परत पाठवा म्हटलं, तर मुलगी विमानात बसू शकते, आई नाही. "मग मी ताब्यासाठी भांडायचं कुठून?" तिनं विचारलं. म्हणून मॅडम नवऱ्याकडून लेखी हमी मागतात: तिकीट, राहण्याचा खर्च, व्हिसासाठी लागणारे कागद.

अशी मुलं परत पाठवण्याबाबत 1980चा हेग करार आहे. भारत त्यात नाही. सामील व्हावं, अशी शिफारस विधी आयोगानं 2009 मध्ये केली होती. मार खाऊन पळून आलेल्या बाईलाही हा करार मूल परत पाठवायला लावेल, हा आक्षेप मला पटतो. पण उलट बाजूही आहे, आणि ती पुण्याची आहे. 1986 मध्ये मिशिगनमध्ये शनिवार-रविवारच्या भेटीसाठी घेतलेला मुलगा वडिलांनी थेट पुण्याला आणला. दिनशॉ खटला म्हणून वकील तो आजही सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं मुलगा अमेरिकी आईच्या हवाली केला.

या घरात तूर्त भेट फक्त पडद्यावर. 2020च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की, ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाचदहा मिनिटं बोलता यावं. इथे कोर्टाच्या आदेशानं ठरलेत रविवार आणि बुधवार. बुधवारी सकाळी सात, म्हणजे कॅलिफोर्नियात मंगळवारी संध्याकाळचे साडेसहा. आजोबा फोन डब्याला टेकवून ठेवतात आणि स्वतः पडद्यात दिसणार नाहीत असे बाजूला उभे राहतात. मुलगी वेणी घालून घेत बोलते.

नोव्हेंबरात गाडं अडलं. आईच्या वहीत दोन बुधवार: 'सातला फोन लावला, उचलला नाही.' वडिलांच्या अर्जात तेच दोन बुधवार: 'फोन केला, मुलगी दिली नाही.' दोघंही समोरच्यानं आदेश मोडल्याचं सांगत होते. मॅडमनी कॅलेंडर ओढलं आणि हसल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. आपले सात वाजले तेव्हा नवरा तिकडे साडेपाचला गाडी चालवत होता. तो आपल्या नेहमीच्या साडेसहाला फोन लावायचा, तेव्हा इथे आठ वाजलेले आणि मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये.

पासपोर्टचा प्रश्न तसाच पडून होता. लहान मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा; नवा काढायला आईबाप दोघांची संमती लागते, आणि एका सहीसाठी तो काय मागेल याचा आजोबांना घोर. मॅडम म्हणाल्या, "काका, आज एकच अर्ज करू. वेळ दुरुस्तीचा."

मग टायपिस्टला सांगायला लागल्या. तो थांबला. "मॅडम, घड्याळ मागे जातं म्हणजे नेमकं काय लिहू?"

"लिही: नोव्हेंबर ते मार्च, सकाळी पावणेसात. तिकडचे सव्वापाच." मग त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "थांब. त्याला विचारायला हवं, तो ऑफिसातून निघतो कधी."


आईनं फोन काढला, नंबर शोधला, आणि फोन मॅडमच्या हातात दिला.