लेकीचा वाढदिवस सातासमुद्रापलीकडे

मुलांचा वाढदिवस म्हणजे खरं तर आईचा दिवस, नाही का? पाटाभोवती रांगोळी काढायची, औक्षण करायचं, हातावर पेढा ठेवायचा, सारं आपणच करायचं. पण तेच मूल परदेशी गेलं की?

आपल्या कराडचंच घ्या. इथं १९६० साली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. आज सोमवार पेठेपासून विद्यानगरपर्यंत कुठंही विचारा, कुणाची लेक अमेरिकेत असते, कुणाचा मुलगा-सून लंडनला. वाढदिवस आला की आई फोनचा पडदा समोर धरून ओवाळते. हौस आहे, जरूर करावी. पण घड्याळाकडेही बघावं! उन्हाळ्यात न्यू जर्सीत संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन. आई डोळे ताणून बसलेली. तिकडे पाहुणे ताटकळलेले, जेवण निवत चाललेलं आणि लेक फोन धरून उभी. दोघींचाही जीव अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट आठवा. अठरावं वर्ष पुरं झालं आणि आठवडाभरात, एप्रिल १८८३ मध्ये, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. पुढचे तीन वाढदिवस अमेरिकेतच गेले. पत्र पोचायलाही तेव्हा कित्येक आठवडे लागत. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्यासारखं ठेवून घेतलं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. परक्या गावी मायेचं माणूस लागतं ते असं. आपल्या लेकीलाही तिथं अशी एखादी मावशी मिळाली, तर आपल्या पोटात दुखू नये. ओवाळायचा मान तिला खुशाल द्यावा.

मग आपल्या वाट्याला काय उरलं? तिथी! आपलं चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी आणि तारीख सहसा वेगळ्या दिवशी येतात. दर १९ वर्षांनी तेवढ्या बहुधा जुळतात. तेव्हा तारखेचा वाढदिवस तिच्या तिथल्या माणसांचा आणि तिथीचा आपला, अशी वाटणी करून टाका. तिथीला घरी खीर करा, देवापुढे दिवा लावा आणि दोघींच्या सवडीने निवांत बोला. आपल्याकडे दुपारचे साडेचार म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे सात. हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागे जातात, तेवढं लक्षात ठेवा.

पार्सल पाठवणार असाल, तर पेढे-बर्फीचा मोह आवरा. ब्रिटनमध्ये भारतातून टपालाने दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियातही नियम कडक आहेत. बांधाबांध करण्याआधी चौकशी करून घ्या. उन्हाळ्यात केलेल्या घरच्या शेवया कोरड्या नि हलक्या. दूध तिला तिथं मिळेलच. निरांजनाचंही बघा हं! तिकडच्या कित्येक वसतिगृहांत ज्योत लावायची मनाई असते, शिवाय धुराने छतावरची घंटा ठणाणा वाजू लागते. अशा ठिकाणी बॅटरीचा दिवा चालवून घ्यावा. कुंकू आणि चार अक्षता असल्या, तरी औक्षण होतं. आणि जावई असला, तर त्यालाही शिकवून ठेवा. बायकोला नवऱ्याने ओवाळलं, म्हणून काही बिघडत नाही!

खरी काळजी एकट्या मुलीची. नवं गाव, नवी नोकरी, ओळख ना पाळख. तिला आधीच सांगा, ‘कुणी विचारील म्हणून वाट बघू नकोस. शेजारणीला, ऑफिसातल्या दोघींना तूच जेवायला बोलाव.’ लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. तिथं गणपतीला, संक्रांतीला एकदा जाऊन आली, तरी ओळखी होतात.

आणि तिचा फोन आला की ‘माझी आठवण येते का गं?’ हे आधी विचारू नका. ‘कोण कोण आलं होतं? कुणी ओवाळलं?’ असं विचारा. चार नावं सांगताना तिचा आवाज खुलला, की समजा, लेक तिथं रुजली.