तांबड्या पेशीचा मऊपणा

रक्त हा पाण्यासारखा साधा द्रव नव्हे. पाणी संथ वाहो वा वेगाने, त्याचा घट्टपणा बदलत नाही. रक्त मात्र संथ झाले की घट्ट होते आणि वेग आला की पातळ. त्यात तरंगणाऱ्या असंख्य तांबड्या पेशींमुळे हे घडते. दही, शाई, रबराचा चीक हेही अशाच पदार्थांच्या कुळातले. त्यांचा अभ्यास करणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या शाखेस मृदू द्रव्याचे विज्ञान म्हणतात. आदिवासी भागातील एका आजाराचे आकलन होण्यास या शास्त्राचे मोठे साहाय्य झाले आहे.

तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा भाग रुंद असते. सर्वांत अरुंद केशवाहिन्या ३ ते ५ मायक्रॉनच्याच. तरीही पेशी त्यांतून पार होते. पेशीतील ऐवज गोलाकारात मावण्यास सुमारे ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरेसे झाले असते. प्रत्यक्षात ते १४० च्या आसपास असते. ठासून भरलेले पोते वाकत नाही, अर्धवट भरलेले हवे तसे वाकते, त्यातलाच हा प्रकार. अशा आवरणाच्या वाकण्याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग हेलफ्रिख यांनी १९७३ मध्ये मांडले.

सिकलसेल आजारात हा मऊपणाच नाहीसा होतो. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच घटक बदललेला असतो, हे व्हर्नन इंग्राम यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांस चिकटून ताठ दोर बनतात. पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते आणि वाहिनीत अडकते. वेदना उद्भवतात त्या यामुळे.

मात्र दोर तत्काळ बनत नाहीत. आरंभी काही काळ जातो. अमेरिकेतील हॉफ्रिश्टर, रॉस व ईटन यांना १९७४ मध्ये आढळले की, हा विलंब हिमोग्लोबिनच्या दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे दाटपणा दहा टक्क्यांनी वाढला, तर विलंब सुमारे सतराव्या हिश्शावर येतो! केशवाहिनी ओलांडण्यास पेशीला सेकंदभर लागतो. तेवढ्यात दोर बनले नाहीत तर ती सुखरूप सुटते. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, या साध्या वाटणाऱ्या सल्ल्यामागे हेच गणित आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून हा विलंब लांबविते.

विदर्भात व सातपुड्याच्या परिसरात हा आजार विशेष आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारात एक असते. राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेस १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे प्रारंभ झाला. तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या विद्राव्यता चाचणीत रक्ताचे काही थेंब रासायनिक द्रावणात मिसळतात. दोष असल्यास द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. मात्र व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील पुढील तपासणी करावीच लागते.