रोजनिशीच्या पानाची सजावट : जपानी ‘तेचो’च्या निमित्ताने

प्रस्तावना

रोजनिशी हा शब्द मराठीत चांगला रुळलेला असला, तरी रोजनिशी नेमाने लिहिणारी माणसे थोडीच आढळतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुवाच्य अक्षरांत भरलेली पाने, फेब्रुवारीतील तुटक नोंदी आणि मार्चपासून कोरा कागद हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बँका व विमा कंपन्या नववर्षाला ज्या डायऱ्या वाटतात, त्यांची अखेर पुष्कळदा वाणसामानाच्या यादीत किंवा मुलांच्या कच्च्या गणितांत होते. याउलट त्याच घरातील स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले कालनिर्णय पाहावे. १९७३ साली सुरू झालेल्या या दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंचा खाडा अशा खुणा वर्षभर न चुकता होत राहतात. डायरी लिहायला वेळ नाही असे म्हणणारी गृहिणी ही नोंद मात्र कधी चुकवत नाही. याचे कारण उघड आहे. डायरीचे पान वाक्याची अपेक्षा करते. दिनदर्शिकेच्या चौकोनाला एक फुली पुरते.

हा भेद लक्षात घेतला, म्हणजे नियोजनवही सजवण्याच्या आजच्या प्रथेकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. ज्या वहीला बाजारात ‘प्लॅनर’ म्हणतात, तिच्यात दिवसाची कामे लिहायची, रात्री दिवसाचा वृत्तान्त लिहायचा आणि रंगीत कागदी पट्ट्या, चित्रे, शिक्के, तिकिटे यांनी ते पान नटवायचे, अशी ही प्रथा आहे. जपानात तिला ‘तेचो डेको’ म्हणतात, तर कोरियात ‘दाक्कू’. सकृद्दर्शनी हा प्रकार हौसेचा, किंबहुना काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि लेखनाची सवय कशी जडते आणि कशी मोडते, या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. सजावट लेखनाची जागा घेत नाही. ज्या दिवशी शब्द सुचत नाहीत त्या दिवशीही वही उघडायला ती भाग पाडते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मात्र या सजावटीला कागद आणि बांधणी यांची कठोर मर्यादा असते. या दोन्ही बाजूंचे विवेचन येथे जपानी ‘तेचो’च्या आधारे केले आहे.

‘तेचो’ची पूर्वपीठिका

‘ते’ म्हणजे हात आणि ‘चो’ म्हणजे वही. तेचो म्हणजे हाताशी असणारी वही. जपानी जीवनात या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. शाळकरी मुलांची ओळख व नियम असलेली पुस्तिका हाही तेचोच, आणि १९४८ पासून गरोदर स्त्रियांना व मातांना मिळत आलेली माता-बाल आरोग्य पुस्तिका हाही तेचोच. १९४९ साली ‘नोरित्सु तेचो’ ही कार्यक्षमतेचे नाव धारण करणारी वही निघाली व दिवसाचे तास आखून देणारी मांडणी तिने रूढ केली. म्हणजे मुळात हे कामकाजी माणसाचे साधन होते. त्यात शोभेला वाव नव्हता.

हे चित्र पालटण्यात ‘होबोनिची तेचो’चा वाटा मोठा आहे. जाहिरातलेखक म्हणून ख्याती पावलेल्या शिगेसातो इतोई यांनी ६ जून १९९८ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. त्याच्या नावातील ‘होबो निक्कान’ या शब्दांचा अर्थ ‘जवळजवळ दैनिक’ असा होतो. त्याच चमूने २००१ साली, २००२ या वर्षासाठी, पहिली वही काढली. संकेतस्थळ पुढे रोजच्या रोज निघत राहिले, तरी ‘जवळजवळ’ हा शब्द नावातून गेला नाही. प्रस्तुत लेखिकेला या वहीच्या साऱ्या गुणांत हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. ‘रोजनिशी’ या आपल्या शब्दात रोजची सक्ती आहे. एक दिवस चुकला की शब्दच खोटा पडतो आणि लिहिणारा अपराधी भावनेने वही मिटून ठेवतो. ‘जवळजवळ रोज’ म्हटले, की चुकलेला दिवस आधीच हिशेबात धरलेला असतो.

वहीची रचनाही याला साजेशी आहे. एका दिवसाला एक पान, वर तारीख, खाली एखादे वचन आणि मधे फिकट चौकटींची जाळी. आजच्या मूळ आकाराच्या वहीत ही चौकट ३.७ मिलिमीटरची असते. ओळी आखलेल्या नसल्यामुळे लिहायचे की चित्र काढायचे, आडवे की उभे, हे पान सांगत नाही. अशा पानावर कडेला लावलेली एक रंगीत पट्टी किंवा चिकटवलेले चहाच्या पुड्याचे वेष्टन हीसुद्धा नोंदच ठरते. कालनिर्णयाच्या चौकोनातील फुलीचेच हे विस्तृत रूप होय.

कागदाचा प्रश्न

सजावटीला आरंभ करण्यापूर्वी कागद ओळखणे अगत्याचे आहे. मूळ तेचोचा आकार ए-६, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटर. वर्षाची सर्व पाने एवढ्या लहान वहीत बसवून ती पर्समध्ये मावेल इतकी ठेवायची, तर कागद पातळ हवा. त्यासाठी ‘तोमोए रिव्हर’ नावाचा, चौरस मीटरला ५२ ग्रॅम वजनाचा कागद प्रसिद्धीस आला. आपल्याकडे झेरॉक्ससाठी वापरला जाणारा कागद साधारणतः ७० ते ८० ग्रॅमचा असतो, हे लक्षात घेतल्यास फरक कळून येईल. पुढे या कागदाचे उत्पादन तोमोएगावा कंपनीकडून सानझेन या कंपनीकडे गेले आणि २०२४ च्या आवृत्तीपासून होबोनिचीत नव्या उत्पादकाचा कागद वापरला जाऊ लागला. तेव्हा जाणत्या वापरकर्त्यांत झालेली चर्चा एखाद्या साहित्यिक वादाइतकी तावातावाची होती!

पातळ कागदाबाबत दोन गोष्टींची गल्लत होते. शाई झिरपून पलीकडे उमटणे ही एक आणि अक्षरांची सावली पलीकडून दिसणे ही दुसरी. या कागदाच्या पृष्ठभागावर शाई वरच राहते, त्यामुळे फाउंटन पेनची शाईसुद्धा सहसा झिरपत नाही. सावली मात्र दिसतेच. शाई वर राहते म्हणून ती वाळायलाही वेळ लागतो, आणि पान मिटताच समोरच्या पानावर डाग पडतो. म्हणून टीपकागद हा या वहीचा आवश्यक सोबती ठरतो. दुसरा सोबती म्हणजे पानाखाली सरकवायचा पातळ प्लास्टिकचा तक्ता. जपानीत त्याला ‘शिताजिकी’ म्हणतात. तो नसेल, तर बॉलपेनच्या दाबाचे वळ पुढच्या दोन-चार पानांवर उमटतात. दुकानांत मिळणाऱ्या अनेक शोभिवंत वस्तूंपेक्षा या दोन साध्या गोष्टी अधिक उपयोगी आहेत.

चिकटपट्टीची कथा

या सजावटीतील सर्वांत प्रिय वस्तू म्हणजे रंगीत कागदी चिकटपट्टी. परदेशांत तिला ‘वाशी टेप’ म्हणतात. जपानात मात्र ‘मास्किंग टेप’, थोडक्यात ‘मास्ते’. हे नाव तिचे कुळ सांगते. मोटारी रंगवताना नको तेथे रंग लागू नये म्हणून कडेला लावायची ही पट्टी अमेरिकेत १९२५ साली रिचर्ड ड्रू यांनी तयार केली. जपानातील ओकायामा प्रांतात कुराशिकी येथे कामोई काकोशी ही कंपनी आहे. तिची स्थापना १९२३ ची आणि मूळ धंदा माश्या पकडण्याच्या चिकट कागदाचा. पुढे ती रंगकामाच्या पट्ट्या करू लागली. २००६ साली टोकियोतील तीन स्त्रियांनी या कंपनीकडे कारखाना पाहण्याची परवानगी मागितली. त्या ही पट्टी शोभेसाठी वापरत होत्या व त्यांनी तिच्यावर एक छोटी पुस्तिकाही केली होती. रंगाऱ्यांसाठी माल काढणाऱ्या माणसांना हा उपयोग प्रथम उमगला नाही, यात नवल नाही. परंतु त्या भेटीतून रंगीत पट्ट्यांची कल्पना निघाली आणि २००८ मध्ये ‘एमटी’ या नावाने त्या बाजारात आल्या.

रंगाऱ्याला जे गुण हवे होते, तेच वहीच्या कामी आले. पट्टीचा डिंक सौम्य असतो, त्यामुळे ती उचलून पुन्हा लावता येते आणि कागद सहसा फाटत नाही. ती हाताने तुटते, कात्री लागत नाही. कागद अर्धपारदर्शक असल्याने खालची चौकट दिसत राहते. साध्या पारदर्शक चिकटपट्टीत यांपैकी फारसे काही नाही. शिवाय ती कालांतराने पिवळी पडते.

पान भरण्याची रीत

नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण जाडीची असते, आणि ती केवळ गणिताची आहे. पट्टीची जाडी अदमासे एक दशांश मिलिमीटर धरू. रोज पानाच्या वरच्या कडेला, एकाच जागी, एक पट्टी लावली तर वर्षअखेर त्या कडेची जाडी ३६५ गुणिले ०.१, म्हणजे साडेछत्तीस मिलिमीटरने वाढेल. वहीची मूळ जाडी याच्या निम्म्याहूनही कमी असते. परिणामी वही पाचरीसारखी फुगते, मिटत नाही आणि शिवणीवर ताण येऊन पाने सुटू लागतात. यावर उपाय म्हणजे पट्टीची जागा बदलत राहणे : आज वर, उद्या उजव्या समासात, परवा तळाशी. शिवणीलगतची बोटभर जागा मोकळीच ठेवावी. जाड, फुगीर स्टिकर आठवड्यातून एखादाच पुरे.

रंगांना अर्थ दिला, तर सजावटीतून नियोजनाचेही काम होते. समजा, वाचनासाठी निळी पट्टी, आजारपणासाठी करडी आणि पाहुण्यांसाठी पिवळी ठरवली. सहा महिन्यांनी पाने नुसती चाळली, तरी वाचन कधी थांबले हे कळते. मजकूर वाचावाही लागत नाही. मात्र रंग तीन-चारच असावेत. दहा रंगांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

प्रवासाची तिकिटे व दुकानांच्या पावत्या चिकटवण्याची हौस पुष्कळांना असते. येथे एक सावधगिरी हवी. यंत्रातून निघणाऱ्या एसटीच्या तिकिटांचा व बहुतेक पावत्यांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. त्यावरील अक्षरे काही महिन्यांत फिकी होतात आणि वरून चिकटपट्टी लावल्यास अधिकच लवकर उडतात. कोरे तिकीट जपण्यात अर्थ नाही. म्हणून गाव, तारीख व भाडे शेजारी शाईने लिहून ठेवावे.

चिकटवण्यासाठी घरची खळ वापरू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. ओल्या खळीने पातळ कागद सुरकुततो, आणि पिठातील स्टार्च हे कसरीचे आवडते खाद्य आहे. कोकणात व मुंबईत पावसाळ्याची दमट हवा चार महिने असते, तेथे हा धोका दुप्पट. कोरड्या डिंकाची कांडी बरी. तीही चारच कोपऱ्यांना.

वेष्टनाबद्दल थोडेसे. आपल्या महाविद्यालयांत ‘जर्नल’ म्हटले की प्रात्यक्षिकांची, तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली वही डोळ्यांसमोर येते. ते कव्हर वर्षाबरोबर रद्दीत जाते. तेचोचे कापडी किंवा चामडी वेष्टन मात्र वेगळे विकत मिळते व वर्षानुवर्षे टिकते. आतील वही तेवढी बदलायची. त्याला पेन अडकवायची दोन घरे असतात. मिटल्यावर ती एकासमोर एक येतात आणि दोहोंतून पेन सरकवले की वहीला कुलूप बसते. पेन काढल्यावाचून वही उघडत नाही, आणि उघडते तेव्हा पेन हातातच असते. लेखनाची सवय लावणारी इतकी साधी युक्ती दुसरी क्वचितच असेल.

आक्षेपांचा विचार

या प्रथेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला खर्चाचा. आयात वही, वेष्टन आणि पट्ट्या यांची किंमत सामान्य विद्यार्थ्याला झेपणारी नाही. परंतु तत्त्व समजले, तर शंभर पानी वही, टीपकागद आणि लग्नपत्रिकांची कात्रणे एवढ्यावरही काम भागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समाजमाध्यमांवर दाखवण्यासाठी सजवलेले पान स्वतःसाठी राहत नाही. मग भांडणाचा, अपयशाचा, रडण्याचा दिवस त्यात कसा लिहावा? तो लिहिला जात नाहीच. त्या जागी फुलांची पट्टी येते. अशी सजावट नोंद झाकते, आणि कोऱ्या पानाची जुनी अपराधी भावना ‘माझे पान सुंदर नाही’ या नव्या रूपाने परत येते. यासाठी एक कसोटी सुचवता येईल : सजवलेल्या पानानंतरचे पान उघडले गेले की नाही? एका पानावर दोन तास घालवून पुढचे पंधरा दिवस वही मिटलेली राहिली, तर ती सजावट चित्रकला म्हणून उत्तम असेल, रोजनिशीसाठी ती निरुपयोगी होय.

आपल्या परंपरेतील वहीपूजन या संदर्भात आठवते. दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून, स्वस्तिक काढून, हळदीकुंकू वाहतात. त्यानंतर निव्वळ आकडे. आपण आरंभ सजवतो. तेचो डेको वर्षाच्या मधला, ज्याला कोणतेही निमित्त नाही असा मंगळवार सजवते. लेखन तुटते ते बहुधा अशाच दिवशी.

वही निवडताना वर्षारंभाचाही विचार करावा. होबोनिची जानेवारीपासून सुरू होणारी निघते तशी जपानी शालेय वर्षाला अनुसरून एप्रिलपासूनचीही निघते, आणि आपल्या आर्थिक वर्षाशी ती आपोआप जुळते. वर्ष संपल्यावर भरलेली वही वेष्टनातून काढून, रुंद फितीने सैलसर बांधून, उभी ठेवावी. आडव्या ढिगाखाली दाब बसून पट्ट्यांचा डिंक कडेने बाहेर येतो व पाने एकमेकांस धरतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती कपाटाबाहेर काढून सावलीत पाने मोकळी करावीत.