शेजाऱ्यांची वीज आणि कराराचा काटा



रानात ऊस जोमदार उभा आहे एवढ्यावर शेतकऱ्याच्या हातात पैसा पडत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. तोड वेळेवर यावी लागते, गाडीरस्ता लागतो, काटा चोख लागतो आणि दर ठरलेला लागतो. विजेचेही तसेच आहे. तोडलेला ऊस एखादा दिवस तरी गाडीत उभा राहील. वीज क्षणभरही थांबत नाही. तयार झाली त्याच घटकेला कुणी घेतली नाही, तर धरणाचे पाणी चाकाला न लागता तसेच नदीने निघून जाते.

आपल्या राज्यातील अनेक सहकारी कारखाने चिपाडापासून वीज तयार करून विकतात. म्हणून शेजारच्या देशांत पाण्याच्या विजेची देवघेव कशी ठरली, हे उसवाल्याने समजून घेण्यासारखे आहे.

भूतान : गिऱ्हाईक आधी, धरण मागून

1974 साली भारत आणि भूतान यांच्यात चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. प्रकल्प 336 मेगावॅटचा. भांडवल भारताने दिले. त्यातले 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज. भूतानची गरज भागवून उरलेली वीज भारताने घ्यायची, हेही ठरले. 1986 ते 1988 या काळात एकेक संच सुरू झाला. पुढे 1020 मेगावॅटचा ताला प्रकल्प 2006-07 मध्ये आणि 720 मेगावॅटचा मांगदेछू 2019 मध्ये चालू झाला. डोंगराळ, लहानशा देशाच्या तिजोरीला विजेच्या पैशाचा मोठा आधार झाला.

यात एक मेख आहे. हिवाळ्यात हिमालयातल्या नद्या आटतात. पावसाळ्यात वीज विकणाऱ्या भूतानला अलीकडे हिवाळ्यात भारताकडूनच वीज घ्यावी लागते. म्हणजे विकणारा तो सदाच विकणारा, असे या धंद्यात नाही.

नेपाळ : पाणी उदंड, वाट अडलेली

नेपाळची कथा निराळी. नद्या भरपूर, पण 2008-09 च्या हिवाळ्यात लोकांना दिवसाचे सोळा-सोळा तास अंधारात काढावे लागले. त्याआधी ऑगस्ट 2008 मध्ये कोसी नदीचा बांध फुटला आणि भारतातून वीज आणणाऱ्या वाहिनीचे मनोरेही पुरात गेले.

पुढे नेपाळने नेट धरला. 456 मेगावॅटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प 2021 मध्ये सुरू झाला. त्यात दोलखा जिल्ह्यातल्या स्थानिकांसाठी 10 टक्के आणि सर्वसामान्य जनतेसाठी 15 टक्के भाग राखून ठेवले होते. आपण जसे भाग घेऊन कारखाना उभा करतो, तसेच म्हणा ना!

आता मात्र उलटी अडचण आली. पावसाळ्यात वीज उरू लागली आणि घेणारा शेजारी एकच, भारत. ढल्केबर ते मुजफ्फरपूर ही वाहिनी 2016 मध्ये चालू झाली होती, तरी तार आहे म्हणून वीज विकता येत नाही; परवाना लागतो. भारताच्या वीजबाजारात विक्री करायला नेपाळला नोव्हेंबर 2021 मध्ये पहिली परवानगी मिळाली ती अवघ्या 39 मेगावॅटची. एप्रिल 2022 मध्ये ती 364 मेगावॅटवर गेली. जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॅटपर्यंत वीज घेण्याचा करार झाला.

तरीही कुरबूर आहेच. सीमेला लागून असलेल्या ज्या तिसऱ्या देशाशी भारताचा वीज करार नाही, त्याची मालकी असलेल्या प्रकल्पाच्या विजेला 2021 च्या नियमांनी अटकाव आहे. रोख चीनकडे, हे उघड आहे. भारताला सुरक्षेची काळजी. नेपाळचे म्हणणे असे, की नुसते बांधकाम चिनी ठेकेदाराने केले असले तरी परवानगी अडते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी आहे. पण एकच खरेदीदार असला की त्याचा नियम हाच बाजार होतो, हे आपण उसाच्या बाबतीत पाहिलेले आहे.

बांगलादेश : मधल्या शेताची वाट

नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची चिंचोळी पट्टी आहे. मधल्या शेतकऱ्याने गाडीवाट दिली नाही तर पलीकडचा ऊस बाहेर कसा निघणार? सार्क देशांनी नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूला वीज-सहकार्याचा करार केला. पण भारताचे 2016 चे नियम शेजाऱ्यांना जाचक वाटले. 2018 मध्ये ते सैल झाले आणि भारतातून तिसऱ्या देशात वीज नेण्याची वाट मोकळी झाली.

तरी प्रत्यक्ष करारावर सह्या व्हायला 3 ऑक्टोबर 2024 उजाडले. नेपाळ विद्युत प्राधिकरण, बांगलादेशाचे वीज विकास मंडळ आणि एन.टी.पी.सी.ची व्यापार कंपनी अशा तिघांनी तो केला. वीज 40 मेगावॅट, दर युनिटला 6.40 अमेरिकन सेंट, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सव्वापाच-साडेपाच रुपयांच्या दरम्यान. मुदत पाच वर्षे. पुरवठा दरसाल 15 जून ते 15 नोव्हेंबर. 15 नोव्हेंबर 2024 ला एक दिवस वीज गेली आणि जून 2025 पासून हंगामी पुरवठा सुरू झाला.

40 मेगावॅट म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. पण करारातली बारकाई बघा. मोजणी मुजफ्फरपूरला, तिथपर्यंतची वाहिनीतली घट नेपाळची, पुढचा वहनाचा खर्च बांगलादेशाचा. काटा कुठला आणि वाटेतली घट कुणाच्या माथी, हे आधीच लिहून ठेवले. निम्मी भांडणे इथेच मिटतात.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट हंगामाची. हिमालयाची वीज पावसाळ्यात उदंड, तर आपली चिपाडाची वीज गळिताच्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी. 2013 च्या अखेरीपासून देशभरच्या वाहिन्या एका जाळ्यात जोडल्या आहेत. एकाची चणचण दुसऱ्याच्या सुगीने भागू शकते. मात्र धोरण तसे आखायला हवे.

दुसरी गोष्ट कर्जाची. बॉयलर आणि टर्बाइन कर्जावर येतात. विजेच्या खरेदी कराराची मुदत संपून दर खाली आला, तरी बँकेचा हप्ता खाली येत नाही, आणि त्याची झळ शेवटी उसाच्या बिलाला लागते.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे वीजप्रकल्पाचा विषय येईल, तेव्हा सभासदांनी किती मेगावॅट एवढेच विचारून खाली बसू नये. वीज कोण घेणार, किती वर्षे घेणार, कोणत्या दराने घेणार आणि मोजणी कोणत्या मीटरवर होणार, हे चारही प्रश्न विचारावेत. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. चार देशांना हे जमवायला वर्षानुवर्षे लागली. आपल्याला एका सभेत जमण्यासारखे आहे.